किंमत आणि मोल : संग्राहक सयाजीराव महाराज

बडोद्यातील मराठी घरांत श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव नव्याने सांगावे लागत नाही. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, १९०८ मध्ये सुरू झालेली बँक ऑफ बडोदा, तरुण भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती, हे सारे आपण शाळेत शिकलो, घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि गणेशोत्सवातल्या व्याख्यानांतूनही ऐकत आलो. म्हणून या वर्षी महाराजांच्या चरित्राची एक कमी बोलली जाणारी बाजू वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले. ती बाजू म्हणजे संग्राहक सयाजीराव. हाताने घडवलेली चांगली वस्तू पारखावी, जाणकाराला विचारून घ्यावी, तिला नीट जागा द्यावी आणि सर्वांना पाहू द्यावी, हे काम त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे चालवले.

हा विषय निवडण्याला आजचे एक कारणही आहे. दांडिया बाजार, वाडी, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतले आपले जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत. घरे लहान झाली, मुले पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेली. वाडा रिकामा करताना पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, आजीचा अडकित्ता आणि पानदान, जरीचे शालू, हाताने लिहिलेल्या पोथ्या यांचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर वजनकाट्यावर मिळते. ज्या राजापुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणात आला होता, त्याने काय केले हे पाहण्यासारखे आहे.

वारशात आलेला जामदारखाना

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांच्या पोटी गोपाळचा जन्म झाला. घराणे गायकवाडांचेच, पण राजगादीपासून फार दूरचे. घरी शेती होती. बारा वर्षांचा होईपर्यंत या मुलाला लिहिता-वाचताही येत नव्हते.

तिकडे बडोद्यात मोठी उलथापालथ चालू होती. खंडेराव महाराजांनी १८५६ ते १८७० असे राज्य केले. त्यांच्या मागून आलेल्या मल्हाररावांना इंग्रजांनी एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केले. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन गोपाळचे सयाजीराव झाले.

त्या दिवशी या मुलाच्या वाट्याला राज्याबरोबर एक विलक्षण जामदारखानाही आला. खंडेरावांना जडजवाहिराचा अतोनात शौक होता. ब्राझीलमध्ये सापडलेला आणि त्या काळी जगभर गाजलेला स्टार ऑफ द साउथ हा हिरा त्यांनी विकत घेतला होता. खंडेराव आणि मल्हारराव यांच्या काळात सोन्याचांदीच्या तोफा घडवल्या गेल्या. आणि या सर्वांत नवल वाटावे असा होता मोत्यांचा गालिचा. १८६५ च्या सुमारास खंडेरावांनी तो मदिनेला पैगंबरसाहेबांच्या समाधीवर अर्पण करण्यासाठी करवून घेतला असे सांगितले जाते. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्या पायावर पंधरा लाखांहून अधिक मोती ओवून बसवलेले, जोडीला हिरे, माणके, पाचू आणि नीलमणी. लांबी सुमारे पावणेनऊ फूट, रुंदी पावणेसहा फूट. खंडेराव १८७० मध्ये वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला.

या गालिच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मोती किती, हिरे किती, त्याची किंमत काय, हे सगळे सांगितले जाते. पण एकेक मोती उचलून ज्यांनी तो ओवला त्या कारागिरांची नावे आपल्याकडे सांगितली जात नाहीत. जामदारखान्याची रीतच तशी होती. तिथे जिन्नस मोजला जाई, तोलला जाई आणि पेटीत जाई. घडवणाऱ्याचा हात कोणाचा हा प्रश्न तिथे महत्त्वाचा नव्हता.

डोळा कसा तयार झाला

दत्तकविधानानंतर सयाजीरावांच्या शिक्षणाची जबाबदारी इंग्रज शिक्षक एफ. ए. एच. इलियट यांच्याकडे आली. राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या या मुलाला थोड्या वर्षांत मराठी, गुजराती, इंग्रजी, इतिहास, हिशेब आणि कारभार हे सगळे गाठायचे होते. व्यायाम आणि घोडेस्वारी होतीच. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली.

त्याच सुमारास बडोद्यात एक चित्रकार आला. माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते आणि तिथल्या राजा रविवर्म्याची कला त्यांनी जवळून पाहिली होती. रविवर्म्याने बडोद्यास येऊन तरुण महाराजांचे व्यक्तिचित्र काढले आणि महाराजांचा त्याच्या कुंचल्यावर विश्वास बसला. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम पुरे होत आले तेव्हा, १८८८ च्या सुमारास, त्यांनी रविवर्म्याकडे पुराणातील प्रसंगांवर चौदा चित्रांचे काम सोपवले. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका अशी ती चित्रे. काम हाती घेण्याआधी रविवर्मा उत्तर हिंदुस्थानात हिंडला, ठिकठिकाणचे पोशाख आणि चेहरे पाहून आला.

१८९० मध्ये चित्रे तयार झाली. राजवाड्याच्या भिंतींवर चढण्याआधी ती सामान्य लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली आणि पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. ज्या देवदेवता कीर्तनात ऐकल्या होत्या त्या माणसांसारख्या उभ्या राहिलेल्या लोकांनी पाहिल्या. आपल्या चित्रांना लोक किती आसुसलेले आहेत हे रविवर्म्याच्या ध्यानात आले आणि १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्यापैकी कितीतरी घरांत पणजोबांच्या वेळची लक्ष्मी किंवा सरस्वती अजून चौकटीत असेल. काच जुनी, कोपरे पिवळे पडलेले. त्या चित्राच्या वंशवेलीत बडोद्याची ती चौदा चित्रे आहेत. आज रविवर्म्याच्या चित्रांचा मोठा संग्रह महाराजा फतेसिंह संग्रहालयात पाहायला मिळतो.

जामदारखान्याच्या रीतीपेक्षा ही रीत वेगळी होती हे इथेच दिसते. चित्राबरोबर चित्रकाराचे नाव राहिले, कोणत्या वर्षी आणि कोणासाठी काढले याची माहिती राहिली, आणि ते लोकांनी पाहिले.

राजवाडा : कारागिरांची पंढरी

लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. दरबार हॉलची व्हेनिसच्या पद्धतीची फरशी, रंगीत काचांची तावदाने, कोरीव दगड, लाकूडकाम असे कितीतरी प्रकारच्या हातांचे काम तिथे एका छताखाली आले. इटलीहून आलेले शिल्पकार ऑगुस्तो फेलिची यांनी बडोद्यात राहून ब्राँझ, संगमरवर आणि भाजक्या मातीत मूर्ती घडवल्या. पुढे एडिंबरोत राहणारा तरुण बंगाली शिल्पकार फणींद्रनाथ बोस याचे काम महाराजांच्या नजरेस आले तेव्हा त्यांनी त्याच्याकडूनही बडोद्यासाठी शिल्पे करून घेतली.

या खर्चाबद्दल तेव्हाही कुरकूर झाली असणार आणि आजही कोणी विचारू शकेल, की प्रजेच्या पैशातून एवढा मोठा वाडा कशाला. प्रश्न गैर नाही. महाराजांचे परदेशी मुक्कामही लांबत असत. पण त्यांच्या हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या १८९० साली राजवाडा पुरा झाला त्याच साली त्यांनी बडोद्यात कलाभवन सुरू केले. प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याचे प्रमुख. सुतारकाम, रंगकाम, चित्रकला, यंत्रकाम असे विषय तिथे शिकवले जाऊ लागले. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके तिथेच शिकले आणि पुढे भारतीय चित्रपटाचे जनक झाले. त्याआधी १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली होती. सुंदर वस्तू विकत घेणारे राजे पुष्कळ होते. ती वस्तू घडवणारा हात पुढच्या पिढीत तयार व्हावा म्हणून शाळा काढणारे थोडे होते.

१९०२ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादेस काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरले. त्याचे उद्घाटन महाराजांनी केले आणि देशाचे उद्योग व कारागिरी यांवर सविस्तर भाषण दिले. त्यांच्या स्वतःच्या राज्यातही कारागिरीची ठाणी थोडीथोडकी नव्हती. पाटणचा पटोळा, संखेड्याचे लाखेचे रंगीत लाकूडकाम, विसनगरची तांब्यापितळेची भांडी ही सगळी बडोदे संस्थानातील गावे. १९०२-०३ च्या दिल्लीच्या भारतीय कलाप्रदर्शनात मोत्यांचा गालिचाही मांडला गेला होता. आजवर पेटीत राहिलेली वस्तू हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

दागिन्यांकडे पाहण्याची त्यांची नजर १९११ च्या दिल्ली दरबारातही दिसली. देशातले राजे एकमेकांवर ताण करीत रत्नांनी मढून आले असता, हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या जामदारखान्यांपैकी एकाचा धनी साध्या पांढऱ्या पोशाखात बादशहापुढे गेला. त्या प्रसंगावरून इंग्रजी पत्रांनी काहूर माजवले, महाराजांना खुलासाही करावा लागला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

कामाटीबागेतला खजिना

आता आपल्या सर्वांच्या ओळखीच्या जागी येऊ. कामाटीबाग १८७९ मध्ये तयार झाली. तिच्यातली संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये उभी राहिली. लहानपणी आपण सगळेच तिथे ममी पाहायला गेलो आहोत. देवमाशाचा अवाढव्य सांगाडाही सर्वांच्या आठवणीतला आहे. तो मासा मात्र महाराजांच्या निधनानंतर, १९४४ मध्ये, मही नदीच्या मुखापाशी वाहून आला होता.

संग्रहालयाला लागून चित्रदालन बांधण्याचे काम १९०८ मध्ये सुरू झाले आणि १९१४ पर्यंत इमारत तयार झाली. तिच्यासाठी युरोपीय चित्रे निवडण्याचे काम महाराजांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे दिले. महाराज स्वतः अनेकदा युरोपात जात. चित्रांची दुकाने आणि दालने त्यांना नवी नव्हती. तरीही संस्थानाच्या पैशाने लोकांसाठी घ्यायची वस्तू जाणकाराच्या पारखीतून गेली पाहिजे ही शिस्त त्यांनी पाळली. ग्रंथालयासाठी अमेरिकेहून बॉर्डन, कलाभवनासाठी गज्जर आणि चित्रांसाठी स्पीलमन. प्रत्येक ठिकाणी त्या विषयातला माणूस आधी शोधलेला दिसतो.

चित्रे जमली आणि पहिले महायुद्ध पेटले. समुद्रावर पाणबुड्यांचा धोका होता. चित्रे इंग्लंडमध्येच अडकून पडली. युद्ध संपल्यावर ती बडोद्यास आली आणि १९२१ मध्ये चित्रदालन लोकांसाठी उघडले. पाटण किंवा अमरेलीकडून आलेला शेतकरी युरोपातल्या चित्रकारांची अस्सल चित्रे आपल्या राज्याच्या राजधानीत पाहू शकेल, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

ग्रंथांचेही तेच. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांच्या हाताने मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी स्वतःचा खासगी ग्रंथसंग्रह त्याच्या पायाला घातला. राजवाड्यातली पुस्तके मांडवीत आली आणि कोणाही वाचकाच्या हाती जाऊ लागली. हस्तलिखितांसाठी त्यांनी चिमणलाल दलाल यांना १९१४ मध्ये पाटणला धाडले. तिथल्या जैन भांडारांतल्या ताडपत्रांच्या आणि कागदाच्या पोथ्या दलालांनी पाहिल्या, त्यांच्या याद्या केल्या. त्यातून गायकवाड ओरिएंटल सिरीज ही ग्रंथमाला निघाली. राजशेखराची काव्यमीमांसा हा तिचा पहिला ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले.

पाटणच्या त्या पोथ्या हाही हाताने घडवलेल्या वस्तूंचाच संग्रह होता. कोणा लेखनिकाने बोरूने एकेक अक्षर काढलेले, शेवटी बहुधा कोणत्या संवतात, कोणासाठी आणि कोठे लिहिले हे नोंदवलेले. पोथीच्या अखेरच्या त्या दोन ओळींमुळेच अभ्यासकाला तिचे वय आणि गाव कळते. त्या ओळी नसत्या तर पोथी सुंदर राहिली असती, पण मुकी झाली असती.

नोंदवहीची ताकद

आम्ही सरकारी नोकरीत असल्याने आम्हाला महाराजांच्या कारभाराचा एक गुण विशेष भावतो. त्यांना नोंदीचे वेड होते. हुकूम लेखी, अहवाल लेखी, प्रत्येक खात्याचा वर्षाचा हिशेब छापील. राज्यकारभारातील शब्दांचा अनेक भाषांतला कोश, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू, १९३१ मध्ये त्यांनी सिद्ध करवला. जडवस्तू संग्रहाची नोंदवही कोणत्याही कचेरीत असते, पण संग्रहालयाची नोंदवही त्यापुढे जाते. वस्तू काय, कशाची, किती लांबरुंद, कोठून आली, कोणी दिली किंवा किती रुपयांना घेतली, कोणत्या स्थितीत आहे, हे सगळे तिच्यात असते. वस्तूवर क्रमांक पडला की ती हरवणे अवघड होते. हरवली तरी तिचा माग काढता येतो. हस्तकलेच्या जुन्या वस्तूंचा बाजार आज जगभर मोठा आहे आणि तिथेही भाव ठरताना पहिला प्रश्न हाच असतो, की वस्तू कोणी घडवली आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली याचा कागद आहे का.

महाराजांचे वैयक्तिक आयुष्य मात्र फार दुःखाचे गेले. तंजावरहून आलेल्या पहिल्या महाराणी चिमणाबाई १८८५ मध्ये अकाली गेल्या. त्यांचे पुत्र युवराज फतेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये, असे तीन तरणे मुलगे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. गादी नातू प्रतापसिंहरावांकडे जायची होती. ज्या माणसाला राज्य दत्तकविधानाने मिळाले आणि ज्याला आपल्या मुलांच्या हाती काही देता आले नाही, त्याने आपला संग्रह बागेत, ग्रंथालयात आणि पाठशाळेत, म्हणजे कोणा एकाच्या वारशात न अडकणाऱ्या ठिकाणी ठेवला. हे ठरवून झाले की घडत गेले हे सांगणे कठीण आहे. पण झाले ते असे.

राज्याच्या साठ वर्षांच्या पूर्ततेनिमित्त १९३६ मध्ये कीर्तिमंदिर उभे राहिले. त्याच्या भिंती रंगवण्यासाठी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांना बोलावण्यात आले. १९३९ ते १९४६ या काळात त्यांनी टप्प्याटप्प्याने ते काम पुरे केले. पण तोवर महाराज राहिले नव्हते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

काय गेले, काय राहिले

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतरचा इतिहास आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे.

मोत्यांचा गालिचा महाराणी सीतादेवींबरोबर युरोपात मोनॅकोला गेला. मार्च २००९ मध्ये दोहा येथे त्याचा लिलाव झाला आणि सुमारे पंचावन्न लाख डॉलरला तो विकला गेला. आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. स्टार ऑफ द साउथही बडोद्यात राहिला नाही. जामदारखान्यातले सगळ्यांत महागडे जिन्नस असे दूर गेले. ज्या नजरबाग राजवाड्यात एके काळी हे जवाहीर ठेवलेले असे तो राजवाडाही आज उभा नाही.

आणि राहिले काय? कामाटीबागेतले संग्रहालय राहिले, चित्रदालन राहिले. मांडवीचे ग्रंथालय राहिले. प्राच्यविद्या मंदिरातल्या पोथ्या राहिल्या, आणि तिथल्या विद्वानांनी पुढे वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५१ मध्ये अकोट्याला जमिनीतून जैन ब्राँझमूर्तींचा मोठा साठा निघाला, पाचव्या-सहाव्या शतकापासूनच्या मूर्ती. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मूर्ती आपल्या संग्रहालयात आल्या. शहरात संग्रहालय होते आणि प्राच्यविद्या मंदिरात घडलेला अभ्यासकही होता, म्हणून हे झाले. १९४९ मध्ये महाराजांच्या नावाने विद्यापीठ निघाले. त्यात १९५० मध्ये ललितकला विभाग आणि १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग आला. आज देशातल्या अनेक संग्रहालयांत बडोद्यात शिकलेली माणसे काम करतात.

किमतीने पाहिले तर एकट्या गालिच्यापुढे यातले बरेच काही फिके पडेल. तरी बडोद्याच्या उपयोगी जे पडले ते हेच. ज्याची नोंद झाली, जे जाणकाराच्या देखरेखीखाली ठेवले आणि जे सर्वांचे झाले, ते टिकले.

आपल्या घरातला संग्रह

आपल्यापैकी कोणाकडे मोत्यांचा गालिचा नाही. पण हाताने घडवलेल्या वस्तू प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांची नोंद ठेवण्याची पद्धतही आपल्या आज्यांना ठाऊक होती. लग्नात आलेल्या भांड्यांवर नावे घातलेली असत. कोणी दिले, कोणाला दिले, कधी दिले, हे तांबटाच्या दुकानात टाक्याने ठोकून घेतलेले. त्या नावांमुळे साधे पातेले घराण्याचा दस्तऐवज होऊन बसते. असे भांडे मोडीत गेले की धातूचे पैसे मिळतात आणि दस्तऐवज वितळतो. जरीच्या जुन्या शालूंचेही तेच होते. जर जाळून चांदी काढणारे तो वजनावर घेतात आणि विणकराचा महिनोन्‌महिन्यांचा हात त्या भट्टीत जातो.

सगळेच ठेवणे कोणालाही शक्य नाही, लहान घरात तर मुळीच नाही. महाराजांनीही सगळे ठेवले नाही, निवडले. म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. वस्तू घराबाहेर जाण्याआधी तिचे छायाचित्र काढावे. एका वहीत लिहावे की ही कोणाची, कोणत्या गावाहून आली, कोणत्या कामाला वापरत, कोणाच्या लग्नात मिळाली. घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती अजून सांगू शकते तोवरच हे लिहून घ्यावे. जुन्या मूर्ती आणि नक्षीकाम चिंच, लिंबू किंवा बाजारच्या पावडरीने खसाखसा घासू नये. आंबटाने धातूचा वरचा थर जातो आणि बारीक रेघा पुसट होतात. पोथ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात.

विकायचेच असेल तर वजनाआधी पारख करून घ्यावी. आपल्या शहरात संग्रहालय आहे, विद्यापीठाचे विभाग आहेत, विचारायला माणसे आहेत. ही सोय फार थोड्या शहरांना आहे. आणि १९७२ चा पुरावस्तू कायदाही लक्षात ठेवावा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तूंत मोडतात आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या बॅगेत आजोबांचा देव ठेवण्याआधी एवढे विचारून घेतलेले बरे.

गणेशोत्सवात देव्हाऱ्यातली जुनी समई, ताम्हन, पळी-पंचपात्री, गौरींचे मुखवटे आणि वर्षभर माळ्यावर असलेला चौरंग खाली उतरतो. घरातली चार माणसे त्या निमित्ताने एकत्र येतात. या वर्षी त्यातल्या एका वस्तूची तरी हकीकत वहीत उतरवावी, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे. मंडळातील काही कुटुंबांनी अशा वह्या एकत्र केल्या तर बडोद्यातील मराठी घरांचा एक लहानसा संग्रह कागदावर तरी उभा राहील. बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षरओळख नसलेल्या कवळाण्याच्या गोपाळने आयुष्यभर लिहून ठेवण्याला जे महत्त्व दिले, त्याची आठवण ठेवण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला तरी दिसत नाही.

गणपती बाप्पा मोरया!